मावंदं न घालणारे नाना

नेपाळात पशुपतिनाथाला जायचे, तर शिंदखेड्यातल्या माणसाला आधी नानांच्या ओट्यावर जावे लागे. नाना खडूने डोंगरांचे कडे काढत, मधोमध ठिपका देत आणि म्हणत, "हाई काठमांडू. चारीमेर डोंगर, मझार शहर. परातमा भाकर थापेल शे तसं."

नाना निवृत्त तलाठी. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी सांगितलेल्या, मग परक्या मुलुखाची वाट सांगायला कसला संकोच? त्या काळी रक्सौलपर्यंत आगगाडी, पुढे नेपाळची छोटी आगगाडी, मग लॉरी, मग पायी घाट. चंद्रागिरीच्या खिंडीत दम लागला की गुळाचा खडा तोंडात धरायचा. "हाई पुस्तकमा नही सापडाव," असे नाना बजावत. खरेच होते. ते पंगतीत सापडे. यात्रेहून परतलेला माणूस मावंद्याचे जेवण घाली, तेव्हा पहिल्या पाटावर नाना बसत आणि बिचाऱ्याला घास गिळू न देता वाट विचारत. स्वतः मात्र महिन्याच्या वाटेला निघून आठव्या दिवशी परतले होते. "दर्शन झायं," म्हणाले. मावंदं घातले नाही. देवाच्या नावाने खोटे जेवण घालू नये, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. आम्ही सभ्य माणसे, तोंडावर कधी बोललो नाही. पाठीमागे रोज बोलत होतो.

एका वर्षी शिवरात्रीच्या यात्रेला शेजारच्या नर्मदाअक्का निघाल्या. साठीच्या, एकट्या. म्हणाल्या, "नाना, तुम्ही वाट दखेल शे. संगे चला." नानांचा गुडघा तत्काळ सुजला. त्यांनी सगळी वाट अक्कांकडून तीनदा वदवून घेतली. अक्का गेल्यावर मात्र खडू हातात धरला नाही. एक वळण चुकीचे सांगितले असेल, तर म्हातारी डोंगरात राहणार होती. आम्ही खुशीत होतो. अक्का परतल्या की नानांचे बिंग फुटणार होते.

अक्का सुखरूप आल्या. मावंद्याच्या पंगतीत मीच मुद्दाम विचारले, "अक्का, नाना सांगतात तसंच आहे का हो तिथं?"

नानांचा हात पानातल्या पुरणाच्या मांड्यावरच थांबला. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिले. अक्कांना बहुधा सगळे कळलेले होते.

"बठ्ठं तसंच शे. वाट कठेच चुकनी नही. नाना संगेच व्हतात." मग पशुपतीचा रुद्राक्ष नानांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "आजनं मावंदं आपलं दोन्हीसनं शे."

नाना पानावर बसून लहान मुलासारखे रडले. मला माझी लाज वाटली.

नाना जाऊन आता बरीच वर्षे झाली. वाट विचारायला लोक माझ्याकडे येतात. काठमांडू मी पाहिलेले नाही. पण तुम्ही निघालाच असाल, तर गूळ बरोबर घ्या.