बेसमेंटमधली वाटणी

ताट माझ्यापुढे आलं आणि मागे गेलं.

चांदीचं ताट, त्यात पेढे. मी हात पुढे केला होता. लहान पोर गॅसजवळ गेलं की आपण जसं ओढतो, तसं काकूंनी ताट ओढून घेतलं. पटकन, आणि हसत हसत.

"अगं, ते आमच्या सोहमचं आहे."

पेढ्याबद्दल नव्हत्या बोलत. मी नुकतंच नाव घेतलेल्या कॉलेजबद्दल बोलत होत्या.

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं त्यांचं घर. गणपतीतला शनिवार. वर हॉलमध्ये गणपती, खाली बेसमेंटमध्ये बैठक. ज्यांची पोरं शाळेच्या शेवटच्या वर्षाला, ते सगळे मराठी आईबाप तिथे दर वर्षी बसतात. ठरवायचं काय, तर कोणाच्या पोराने अर्ली डिसिजन कुठे लावायचं.

अर्ली डिसिजन म्हणजे सगळ्यांच्या आधी एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि शब्द द्यायचा, घेतलंत तर येणारच, दुसरीकडे बघणार नाही. आमच्याकडे याला साखरपुडा म्हणतात. "ठरला का गं साखरपुडा?" असं काकू लोक ग्रोसरीच्या रांगेत विचारतात. कॉलेजही आधी शब्द देणाऱ्याला जवळ करतं, म्हणून सगळ्यांची धडपड. आणि एका शाळेतून एका कॉलेजात एखादंच पोर घेतात, असा यांचा पक्का समज. मग आपल्याच पोरांनी एकमेकांना का कापायचं? आधीच वाटून घेऊ. पोराने कॉलेजचं नाव घ्यायचं, काकूंनी पेढा द्यायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. की ते कॉलेज त्याचं. इतरांनी तिकडे फिरकायचं नाही.

वर आरती चालू होती. खाली अमेरिकेतली कॉलेजं वाटली जात होती. जशी काही यांच्या बापाची इस्टेट.

मी केमिस्ट्रीत शाळेत पहिली होते. हे मिरवायला सांगत नाही. त्या खोलीत प्रत्येकाला ते माहीत होतं, म्हणून सांगते. सोहम माझ्याच वर्गात. माझ्या लॅब रिपोर्टवरून उतरवून काढायचा. आदल्या उन्हाळ्यात मी त्या कॉलेजची लॅब बघून आले होते. बसने एकटी गेले, एकटी आले. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"पण मला तिथेच करायचंय," मी म्हणाले.

सोहमचे वडील हसले. ते काका म्हणजे माझ्या बाबांच्या ऑफिसातले मोठे साहेब. बाबा तिथे कॉन्ट्रॅक्टवर. काका म्हणाले, "बेटा, मी मास्टर्स तिथलाच. लेगसी आहे आपली. बापाच्या कॉलेजात मुलाला झुकतं माप मिळतं, सिस्टिमच आहे तशी. तू स्टेटला लाव, सरकारी युनिव्हर्सिटीत, फी कमी. बाबांनाही बरं पडेल."

आणि मग काकू. गोड आवाजात. "तिचं काय हो, तिचं कुठेही होईल. यांना तिकडे कोटा, इकडे डायव्हर्सिटी."

खोली हसली.

"यांना" म्हणजे कोणाला, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. अमेरिकेत जात नाही म्हणतात हे लोक. पण पहिल्याच भेटीत त्यांनी आईला विचारलं होतं, "नागपूरच्या का? नागपुरात कुठे?" आई म्हणाली, "उत्तर नागपूर." झालं. पुढचं त्यांना कळलं. आमच्या घरी गणपती बसत नाही, तेही कळलं. तरी दर वर्षी बोलावणं असतं. आईच्या हातचे वडे छान होतात ना! नैवेद्याचे मोदक वर, स्वयंपाकघरात, त्यांच्या त्यांच्यात. आणि आई गॅरेजमध्ये. घरात तळणाचा वास नको म्हणून गॅरेजमध्ये गॅस ठेवतात इथे. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आई उभी. ज्यांचा गणपती नाही, त्यांनी गणपतीच्या पाहुण्यांसाठी वडे तळायचे. नैवेद्याला मात्र हात लावायचा नाही. हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. फार सुसंस्कृत आहेत.

तर खोली हसली. आणि माझे बाबाही हसले.

ते हसणं माझ्या अजून कानात आहे. हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये बायकोने तळलेला वडा. काका म्हणाले, "काय, बरोबर ना?" बाबा म्हणाले, "बरोबर आहे सर. बघू."

सर. सगळी खोली काकांना नावाने हाक मारते. बाबा त्यांच्या घरातही सर म्हणतात.

सोहम फोनमध्ये होता. डोकं वर न करता म्हणाला, "मॉम, आय डोन्ट इव्हन केअर, यार. गिव्ह इट टू हर."

दान! मला म्हणे देऊन टाका. जे त्याचं नव्हतंच, ते त्याने मला द्यायचं.

मी वर आले. जिना चढून, गणपतीसमोरून, गॅरेजमध्ये. आईच्या कपाळावर घाम. तिला बैठकीची रीत माहीत होती. म्हणाली, "मिळाला का पेढा?"

मी सांगितलं. कोटा, डायव्हर्सिटी, सगळं. बाबा हसले, तेही. तिचा झारा तेलावरच थांबला. एक वडा काळा पडायला लागला.

"आई, चल. घरी जाऊ."

"अजून अर्धं पीठ आहे."

"असू दे."

तिने गॅस बंद केला. मला वाटलं निघेल. तर म्हणाली, "आधी खाली जा. तोंडावर सांग. मागच्या दाराने निघून जाणं आपल्या लोकांनी पुष्कळ केलं."

मी खाली गेले. पेढे संपत आले होते. सगळ्यांसमोर उभी राहिले.

"मी अर्ली डिसिजन तिथेच लावणार आहे. सोहमने कुठे लावायचं ते सोहमने बघावं."

काकू उसळल्या, "ही काय बोलायची पद्धत? आम्ही सगळ्यांच्या भल्यासाठी करतो हे."

"मला वाटणीत धरलंच नाही, काकू. मग वाटणीचा नियम मला कशाला?"

कोणीतरी "शी" म्हणालं. कोणीतरी, "ही पिढीच अशी." काका माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांकडे वळले. "मुलीला समजवा."

बाबांनी प्लेट खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघत होते.

"तिचं ठरलंय, सर."

सर तसंच राहिलं. पण वाक्य माझ्या बाजूचं होतं.

वर लोक गरम वड्यांची वाट बघत होते. पीठ गॅरेजमध्ये तसंच राहिलं. आईने स्वतःचं पातेलंसुद्धा मागितलं नाही.

गाडीत बाबा भडकले. "तुला कळतं का माझं काय होईल ते? आणि कॉलेजने घेतलं, पण फीला मदत कमी दिली तर? शब्द दिल्यावर दुसरीकडे विचारता येणार आहे का?" खरं होतं. यालाच म्हणतात लवकर निर्णय. लवकर कोणाला ठरवता येतं? ज्याला किंमत विचारावी लागत नाही त्याला. आमच्यासारख्यांनी चार दारं हिंडून, चार ठिकाणची मदत बघून मग ठरवायचं. तोवर अर्ध्या खुर्च्या भरलेल्या. आमचं पान वाढायच्या आधीच पहिली पंगत उठलेली असते. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी अर्ज केला. त्या बेसमेंटने नको म्हटलं म्हणून मी मागे हटणार नव्हते.

डिसेंबरात उत्तर आलं. मला नकार.

सोहमला घेतलं.

ज्याला "डोन्ट केअर" होतं, त्याला. बापाचं कॉलेज होतं ना. मला कोटा म्हणून हसणाऱ्यांचा स्वतःचा कोटा असा असतो. त्याला नाव छान दिलंय, लेगसी. आमच्या आजोबांच्या वाट्याला शाळेच्या पायरीबाहेरची जागा आली, ती सवलत. यांच्या बापाने एकदा फी भरली, ती परंपरा. मी कमी पडले असेन का? असेनही. पण त्याच्यात माझ्यापेक्षा काय जास्त होतं, ते मी शाळेच्या लॅबमध्ये रोज बघत होते. त्याने उतरवलेलं माझंच होतं.

मग पेढे आले.

हो, आमच्या घरी. काकू स्वतः घेऊन आल्या. लाल पेटी, सोनेरी दोरी. दारातच उभ्या राहिल्या. "सोहमचं झालं ना, म्हटलं तुम्हालाही तोंड गोड करू. तुला सांगितलं होतं गं मी, स्टेटला लाव. ऐकलं असतंस तर एवढं मनाला लागलं नसतं."

सप्टेंबरात जो पेढा माझ्यापुढून मागे ओढला, तो डिसेंबरात दारात घेऊन आल्या. आईने सवयीने हात पुढे केला. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला.

"नको, काकू. घेऊन जा."

"अगं, गोड नाकारू नये."

"आम्ही नाकारतो."

त्या पेटी घेऊन गाडीत बसल्या. पाठ ताठ. दार मी लावलं.

पुढे बाबांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कारण बजेटचं दिलं. असेलही. माझा विश्वास नाही. बाबा काही महिने घरी बसले, माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता दुसरीकडे आहेत. नव्या साहेबाला नावाने हाक मारतात. अडखळतात, पण मारतात. आई आता कोणाच्या गॅरेजमध्ये उभी राहत नाही.

मी स्टेटला आहे. इथली लॅब चांगली आहे. पण "बरंच झालं, इथे छान चाललंय" हे वाक्य माझ्या तोंडून कोणाला ऐकायला मिळणार नाही. माझी जागा कापली गेली. कापलेलं कापलेलंच.

आम्ही काही जण इथे पत्रकं काढतो. लेगसी बंद करा. लवकर शब्द देणाऱ्याला झुकतं माप बंद करा. जात लपवून मिरवणाऱ्यांनी आधी "नागपुरात कुठे?" हा प्रश्न बंद करावा. पहिलं पत्रक मी इंग्रजीत लिहिलं. मग वाटलं, ज्यांना वाचायला हवं त्यांना इंग्रजी नको. त्यांना घरच्या भाषेत सांगायला हवं, म्हणजे पळवाट राहणार नाही. म्हणून हे मराठीत.

या वर्षीही गणपती बसतील, आणि त्या बेसमेंटमध्ये बैठक बसेल. ताट फिरेल. मी आत जाणार नाही, मला आमंत्रण नको आहे. मी ज्यांना बोलावलंच जात नाही त्यांच्याकडे जाणार आहे. पोळ्या लाटून विकणाऱ्या मावशींची मुलगी, मोटेलमध्ये राहणारा मुलगा, कॉन्ट्रॅक्टवरच्या बापांची पोरं. त्यांना मी एकच सांगणार आहे. यांनी जे कॉलेज वाटून घेतलंय, नेमकं तिथेच अर्ज करा. लवकर नाही जमलं तर उशिरा करा, पण करा, आणि मोठ्याने सांगून करा. एकाने नाही, सगळ्यांनी.

एकमेकांना कापू नका, असा त्यांचा नियम आहे ना? आम्ही एकमेकांना कापणारच नाही आहोत. आम्ही सगळे मिळून त्यांची वाटणी मोडणार आहोत.

त्यांनी ताट घट्ट धरून ठेवावं.