वीस लिटरचा जार

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका औषध पॅकिंगच्या कारखान्यात मीराबाई एकोणीस वर्षं कामाला होत्या. त्यातली बारा वर्षं त्यांनी खोके उचलले. मग संधिवाताने बोटं वाकली, गुडघे सुजले आणि ठाण्याच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर त्यांना लेबल तपासायचं टेबल मिळालं. बसून काम, डोक्यावर पंखा. बॅच नंबर आणि तारीख जुळली की कागदावर सही करायची. हे टेबल गेलं तर त्यांची नोकरी वर्षभरही टिकणार नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारीण त्यांना कल्याण पूर्वेच्या प्रार्थनासभेत घेऊन गेली, तेव्हा त्यांना दोन वर्षं धड झोप नव्हती. घरात बुद्धाची तसबीर होती. नवरा जगन म्हणाला, "जा बाई. झोप लागली तर बरंच आहे. फक्त आईच्या कानावर घालू नकोस, ती मला झोपू देणार नाही."

रविवारी सकाळी लग्नाच्या हॉलमध्ये सभा भरायची. पास्टर विनीत हळू आवाजात बोलत. दुखणं एकट्या गुडघ्यात नसतं, मनात साठलेलं शरीर सोसत राहतं, आणि प्रभू माणसाला तुकड्यातुकड्यांनी बरं करत नाही, असं ते सांगत. गोळ्या बंद करा, असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथे अनोळखी बायकांसमोर मीराबाईंनी आपल्या गेलेल्या मुलाचं नाव सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. त्या दुपारी घरी येऊन त्या चार तास झोपल्या. तीन महिन्यांत बीपी उतरलं. चिडणं कमी झालं. बोटं होती तशीच राहिली.

त्या सभेची एक रीत होती. साक्ष देणाऱ्याचं, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बरं केलं ते सांगणाऱ्याचं, नुसतं बोलून भागत नसे. आजाराने जे हिरावून घेतलं, ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. दम्याचा माणूस हॉलचा जिना दोनदा चढून यायचा. मान धरलेली बाई मागे वळून शेवटच्या रांगेतल्यांना नावाने हाक मारायची. मीराबाईंचा रविवार महिनाभर आधी ठरला. "तुमचं काय गेलं होतं, ताई?" पास्टरांनी विचारलं होतं. "वजन उचलणं," त्या म्हणाल्या होत्या.

त्या रविवारी घरून निघताना त्यांनी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. रोजची एक आणि वर एक. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. प्रभूने झोप दिली, उरलेलंही तो देणारच आहे, मग आभार आजच मानले तर काय बिघडलं, एवढंच त्यांना वाटलं. पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार त्यांनी छातीशी कवटाळला आणि सात पावलं चालून स्टेजवर ठेवला. अख्खा हॉल उठून उभा राहिला. सभेच्या माणसांनी त्याचा व्हिडिओ काढला. पुढचे दोन दिवस त्यांना चहाचा कप उचलवला नाही. तापाचं कारण सांगून त्यांनी रजा काढली.

व्हिडिओ मात्र फिरत राहिला. कारखान्यात तो पहिल्यांदा रुचिताच्या मोबाइलवर आला. रुचिता खोके उचलायची. तिची कंबर गेली होती आणि वर्षभर ती ते टेबल मागत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने तो सगळ्यांना दाखवला, मग मॅनेजर नयन यांच्या केबिनमध्ये नेऊन दाखवला.

नयनसरांनी मीराबाईंना बोलावलं. "ताई, आपला खोका किती किलोचा?"

"अकरा."

"आणि हा जार?"

"वीस."

"अभिनंदन. देवाने बरं केलं, मग ते सर्टिफिकेट मी फाइलला कशाला ठेवू? बऱ्या आहात की नाही, ते शनिवारपर्यंत सांगा."

मीराबाई पास्टरांकडे गेल्या. व्हिडिओ काढून टाका म्हणाल्या. "ऑफिसात खरं असेल ते सांगा," पास्टर म्हणाले, "मी आड येणार नाही. पण काढायला सांगू नका, ताई. तो बघून माणसं येताहेत."

शनिवारी त्यांनी खरं सांगितलं. "सर, त्या दिवशी मी गोळ्या जास्त घेतलेल्या. मी बरी नाही."

नयनसरांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे एवढ्या लोकांसमोर, देवाच्या नावाने, तुम्ही खोटं बोललात."

"खोटं नव्हतं सर. मला झोप..."

"लेबलच्या कागदावर तुमची सही असते. चुकीची तारीख बाहेर गेली तर माणूस मरतो. अशा बाईची सही मी कशी चालवून घेऊ?"

सोमवारी मीराबाई पुन्हा खोक्यांवर गेल्या आणि रुचिता त्या टेबलाशी बसली. पंख्याखाली तिने कागद नीट लावून घेतले. मीराबाईंच्या हातातून तिसरा खोका निसटला आणि आतल्या बाटल्या फुटल्या.

"मावशी, आधी प्रार्थना करा ना," रुचिता बसल्या जागेवरून म्हणाली, "मग उचलवेल." लाइनवरच्या बायका हसल्या. ज्या हसल्या नाहीत त्यांनी काम थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी मीराबाई सभेला गेल्या. झोप अजून लागत होती, आणि ती कुठून आली हे त्यांना माहीत होतं. त्या मागच्या रांगेत बसल्या. नव्या लोकांसाठी पास्टरांनी भिंतीवर व्हिडिओ लावला. भिंतीवरच्या मीराबाई सात पावलं चालल्या. टाळ्या झाल्या. खुर्चीवरच्या मीराबाईंना तळवे जुळवता येत नव्हते. त्यांनी ते पदराखाली घेतले.

शेजारी काठी घेऊन बसलेली एक नवी बाई वाकून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? मग आता काही त्रास नाही ना?"

मीराबाईंनी भिंतीकडे पाहिलं. खरं सांगून काय होतं, ते त्यांनी त्याच आठवड्यात पाहिलं होतं.

"मला झोप लागते," त्या म्हणाल्या.

बाईचा चेहरा उजळला. तिने काठी खुर्चीखाली सरकवली आणि साक्षीसाठी नाव द्यायला पुढे निघाली.