वाचणारं कोण आहे

आमच्या वरच्या मजल्यावर एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहूदी, काका राहतात. बाहेर पडताना ते दाराच्या चौकटीवरच्या धर्मवचनाचा कागद ठेवलेल्या लहानशा डबीला बोटं लावतात आणि तीच बोटं ओठांना टेकवतात. जिन्यात भेटले की कुठल्याही विषयावर विचारतात, "टीचर, तुमचं काय मत?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतात.

यंदा गुड फ्रायडेला पनवेलच्या लुथरन पास्टरांनी आम्हा कॅथलिकांना आपल्या चर्चमध्ये बोलावलं. मोठ्या प्रेमानं त्यांनी काकांनाही आमंत्रण दिलं. येशूच्या मरणाची कथा मी वाचणार होते. काका टोपी घालून पहिल्याच बाकावर बसलेले दिसले आणि मला कथेतला पुढचा मजकूर आठवला. त्या कथेत येशूला क्रुसावर द्या म्हणून ओरडणारे यहूदीच आहेत, हे पास्टरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. 'यहूदी' या शब्दापाशी मी वाचायची थांबले.

काका हळूच म्हणाले, "वाचा टीचर, थांबू नका."

बाहेर पास्टरांनी माफी मागितली, तेव्हा काकांनी त्यांचे हात हातात घेतले. "तुम्ही मायेनं बोलावलंत," एवढंच म्हणाले.

घरी येताना मी विचारलं, "काका, वाईट वाटलं का?"

"लहानपणी या दिवशी आई आम्हाला घराबाहेर सोडत नसे."

"इथे, पनवेलमध्ये?"

"इथे कधीच काही झालं नाही. परदेशात या दिवशी यहूद्यांवर हल्ले होत, असं तिनं कुठूनतरी ऐकलं होतं."

"मग आज का आलात?"

"ती कथा वाचणारं कोण आहे, ते बघायचं होतं."

बघून काय वाटलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.