पड खाणे

सदर व्यक्ती स्त्री असून पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-खिडकीमागे कार्यरत आहे. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. विवाहित. घरातील पदनाम : वहिनी. शारीरिक बळ : नगण्य. जिंकलेले वाद : निरंक. शेरा : स्वभाव पड खाण्याचा.

हा शेरा तिच्या धाकट्या दिराचा. दीर गॅरेजात चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करायचा. त्याच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी चेपलेल्या होत्या आणि हातोड्याची वाट बघत होत्या. घरातही तो त्याच तऱ्हेने बोलायचा, आणि वहिनी म्हणायची, "तुमचं बरोबर आहे, भावजी." खिडकीतही तिचं हेच वाक्य. नळ कोरडा म्हणून लालबुंद होऊन आलेला माणूस ते ऐकून निवायचा आणि ती बोट दाखवेल त्या टेबलाकडे मुकाट चालू लागायचा.

शनिवारी दुपारी दिराच्या खोलीत पट मांडला जाई. घरातली सर्वांत मोठी खोली ती, रस्त्याकडची. खेळ असा : राक्षस, गेंडे, बुटके वगैरेंचे संघ एकमेकांना बदडत चेंडू पलीकडच्या रेषेपार नेतात, आणि चांगल्या खेळाडूला अधूनमधून एखादा नवा गुण निवडून देता येतो. खेळणारे चौघे. दीर, दातांचे डॉक्टर, गणिताचे निवृत्त मास्तर आणि वहिनी. राक्षस अर्थातच दिराचे. वहिनी सगळ्यात शेवटी आली, म्हणून उरलेले बुटके तिच्या वाट्याला. राक्षस नुसता शिंकला तरी दोन आडवे व्हावेत, असा तो संघ.

मोसमाअखेर जो तळाला राहील त्याने खुर्ची सोडायची, असा नियम होता. डॉक्टरांचे साडू त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसले होते. वहिनीला ती खुर्ची जीव की प्राण. आठवड्यातून तेवढी एकच दुपार तिला "वहिनी, जरा..." म्हणून कोणी उठवत नसे.

पहिला गुण निवडायची वेळ आली तेव्हा सल्ल्यांना ऊत आला.

"ताकद घ्या," दीर म्हणाला.

"बुटक्याला ताकद म्हणजे मुंगीला मिशा," डॉक्टर म्हणाले. "पळ काढायचा गुण घ्या, वहिनी. जीव तरी वाचेल."

वहिनीने नियम शेवटच्या पानापर्यंत वाचले. ते मराठीत मास्तरांनी आणले होते. सुरुवातीला ‘वज्रमुष्टी’, ‘गरुडझेप’ अशी भारदस्त नावं. पण शेवटच्या पानावर येईतो मास्तरांचा उत्साह आटला असावा. तिथे एका गुणाचं नाव नुसतं ‘पड खाणे’ होतं. नाव वाचून पुढचं वाचायची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती.

"मला हा," वहिनी म्हणाली.

डॉक्टर खोकला येईपर्यंत हसले. "अहो, तो तर तुमच्यात उपजतच आहे!" दीर म्हणाला.

"तुमचं बरोबर आहे, भावजी." मग तिने खालची ओळ वाचून दाखवली : धक्का बसल्यास शेजारच्या कोणत्या घरात जायचं, ते हा खेळाडू स्वतः ठरवतो.

घर म्हणजे पटावरचा चौकोन. मार चुकत नाही, एवढंच सर्वांना कळलं. पुढेही जेव्हा जेव्हा गुण मिळाला, तेव्हा तिने दुसऱ्या बुटक्यालाही तोच दिला, मग तिसऱ्यालाही. दाराशी पेपर वाचत बसणारा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, पेपराआडून दिराला म्हणाला, "तिच्या नादी लागू नकोस रे. मी केव्हाच सोडलंय."

शेवटचा सामना दिराशी. दिराचा पहिला नंबर पक्का होता, हरला तरी त्याचं काही जात नव्हतं. वहिनी तळाला होती. बरोबरी झाली तरी खुर्ची गेली. आणि बरोबरीच होत आली होती. तिचा चेंडूवाला बुटका रेषेपासून एका घरावर अडकला होता, तिन्ही बाजूंनी राक्षस. तिच्या चाली संपल्या होत्या. शेवटची चाल दिराची.

त्याने नुसतं "पास" म्हणायचं होतं. नियम त्याला ठाऊक होता, बुटका समोर होता, रेषाही दिसत होती. पण काहीच न करणं हा गुण त्याच्या संघाकडे नव्हता.

"राहू दे ना, भावजी," वहिनी म्हणाली. "बिचारा एवढासा आहे."

झालं. दिराने फासे आपटले. राक्षसाचा तडाखा असा बसला की डॉक्टरांच्या तोंडून "आई गं" निघालं.

वहिनीने बुटका दोन बोटांत अलगद उचलला आणि शेजारच्या घरात, रेषेपलीकडे, आडवा ठेवला. चेंडूसकट.

मास्तर उठून उभे राहिले. वर्गात कोणी अवघड गणित दोन ओळींत सोडवलं की ते असे उभे राहत, म्हणे. दीर पटाकडे बघत राहिला. सगळ्या मोसमात तिच्या एकाही बुटक्याने कोणावर हात उचलला नव्हता. हव्या त्या घरात प्रत्येक जण पोचला होता, आणि ढकलायची मेहनत तेवढी समोरच्याची.

मग पट धूसर झाला आणि त्याला आपलंच घर दिसू लागलं. वाटण्या झाल्या तेव्हा मोठी खोली मलाच, म्हणून तो हटून बसला होता. कोणी विरोधच केला नव्हता, वहिनीने मुकाट मागची खोली घेतली होती. अंगावर काटा आला त्याच्या. उंच कडा पायथ्याशी उभं राहून बघताना येतो, तसा. एवढी वर्षं तो ह्या कड्यावर हातोडा मारत होता.

"वहिनी," त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मागची खोली... तुम्हाला तीच हवी होती?"

वहिनी सोंगट्या डब्यात भरत होती.

"तुम्ही दिलीत म्हणून घेतली, भावजी."

मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. पुढच्या खोलीत ट्रक ऐकू येतात.