रेतीवर उभी केलेली कमान

“हे पडन,” खाटेवरून काका बोलले.

मी शेवटच्या सांध्यात पुट्टी भरत होतो. कंबर धरली होती. मे महिना, आणि दगडांची खोकी दुसऱ्या मजल्यावर मीच चढवून आणलेली. खोलीत कूलर चालू होता, पण माशांच्या टाकीत डोकं घातलेल्या माणसाला त्याची हवा लागत नाही. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

घर नंदनवन वस्तीतलं. गिऱ्हाईक मंगेश, बँकेत नोकरीला. काका म्हणजे त्याचे वडील. सारा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. आता धाप लागते म्हणून कन्हानचं घर बंद करून मुलाकडे आलेले. दिवसभर खाटेवर. त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून मंगेशने खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी घेतली आणि खाटेला लागूनच ठेवली. उशीपासून काच हातभर.

समुद्रातल्या माशांना लपायला जागा लागते. त्यासाठी भोकाभोकांचे दगड एकावर एक रचून गुहा आणि कमानी करायच्या. तीस-पस्तीस किलोचा डोंगर होतो. सांध्यांत इपॉक्सी पुट्टी भरायची. ती कणकेसारखी मळून लावली की एका दिवसात कडक होते. पण पुट्टी दगडाला दगड जोडते, पायाखाली काय आहे ते ती बघत नाही. म्हणून नियम असा, की आधी दगड, मग रेती. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी, जाळीवर दगडांचे पाय, आणि सगळं पक्कं बसलं की भोवती रेती. कारण काही मासे रेती उकरतात. पाय रेतीवर असले तर एक दिवस खालची रेती निघून जाते, डोंगर कलतो आणि जाऊन काचेवर आदळतो.

हे मी लोकांना पंधरा वर्षं सांगतो आहे.

त्या दिवशी मंगेशने मला मदत म्हणून सकाळीच सगळी रेती टाकीत अंथरून ठेवली होती. चाळलेली, दहा पाण्यांनी धुतलेली, तळहाताने सपाट केलेली. जाळीची गुंडाळी तशीच कोपऱ्यात. “तुमचा टाइम वाचवला, सर,” म्हणाला. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! ती ओली रेती वाडग्या-वाडग्याने परत उपसायची माझी तयारी नव्हती. मी दगड रेतीत दोन बोटं दाबले, हलवून पाहिले. हलले नाहीत. चालतंय, म्हटलं.

“काहून पडन, बाबा?” मंगेश म्हणाला. “सर एक्सपर्ट आहेत न. तुमी आराम करा.”

काका भिंत धरून उठले. खाणीत त्यांचं काम छताला लाकडी खांब लावायचं. खांब घट्ट बसला की नाही, ते ठोकून, आवाजावरून ओळखायचं. त्यांनी काठीच्या मुठीने माझ्या कमानीवर ठोकलं.

“भद वाजून राहिलं. ऐकलं का गा?”

“काका, पुट्टी ओली आहे अजून,” मी जरा चिडूनच बोललो. “उद्यापर्यंत लोखंड होते.”

“वरतं होईन न लोखंड. खालतं काय? खांब कधी कोळशाच्या भुशावर उभा नाई करत. खाली पक्कं लागेपर्यंत उकराचं, मंग उभा कराचा.” ते श्वास घ्यायला थांबले. “माहा जोडीदार होता. हे मले त्यानंच शिकवलं. पण शिफ्ट सुटाले आली होती, थकला होता. म्हणे, चालते. भुशावरच उभा केला.”

ते परत खाटेवर टेकले.

मला राग आला, पण काकांचा नाही. या माणसाने माझा आळस काठीच्या एका ठोक्यात पकडला होता. मी उशीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. आत तीनशे लिटर पाणी येणार होतं.

“मंगेश, बादल्या आणा. आज पाणी भरायचं नाही.”

“पण सर, आत्या संध्याकाळी टाकी पाहाले येऊन राहिली.”

“कोरडी पाहू द्या.”

पुट्टी ओली होती म्हणून सांधे सुटले. दगड उतरवले, रेती उपसली, जाळी टाकली. खालच्या दगडांचे पाय घासून सपाट केले. कमानीच्या दगडांना भोकं पाडून आतून प्लास्टिकचा रॉड घातला, मग पुन्हा पुट्टी. कंबरेने शिव्या घातल्या. काका खाटेवरून मुकादमासारखे बघत होते. शेवटी त्यांनी परत ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि मंगेशला म्हणाले, “आता सरले चहा पाज गा.”

मासे सोडल्यावर काही महिन्यांनी मंगेशचा घाबरून फोन आला. गोबी नावाच्या माशाने कमानीखाली भुयार केलं होतं. मी गेलो. एका पायाखालची रेती साफ झाली होती, जाळी उघडी पडली होती. कमान केसभर हलली नव्हती. आणि काचेकडे तोंड करून काका गाढ झोपले होते.

आधी मला हायसं वाटलं, मग दुसऱ्या टाक्या आठवल्या. आदल्या उन्हाळ्यात आणखी दोन घरी मी असाच थकून रेतीवर दगड रचून आलो होतो. नियम माहीत असतो सगळ्यांनाच. कंबर दुखत असताना तो पाळला जातो का, तेवढंच खरं.

जिन्यातूनच दोन्हीकडे फोन लावले. म्हटलं, टाकी पूर्ण उतरवावी लागेल, चूक माझी आहे.

“काहून, काही झालं का?” दोघांनीही हेच विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो.