मोटार चालते तोच तास

त्या ॲपची गोल कडांची बटणं आणि तो फिकट हिरवा रंग यांच्यावर माझा आजही राग आहे. ती बटणं आखणारी माणसं वाईट नव्हती, हे मला कळतं. कळून राग जात नाही.

बेलापूरजवळ आमची सामाईक विहीर आहे, अर्धी वडिलांची, अर्धी काकूची. काका गेल्यापासून काकू तिची शेती एकटीच बघते. पाण्याची पाळी कुणाची यावरून दोन घरांत इतकी भांडणं झाली, की दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाणही थांबली. मी घरून पुण्याच्या कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम करतो. म्हणून पाळी सांगणारं एक छोटं ॲप मी एकट्याने लिहिलं आणि दोन्ही घरांच्या मोबाईलवर टाकलं. आमच्याकडे पाळीचे तास घड्याळावर जात नाहीत. मोटार चालते तोच तास. मध्येच लाईट गेली तर पाळी तिथंच थांबते, आणि लाईट आल्यावर ज्याचे तास राहिले त्याचे आधी पुरे होतात. मोटारीच्या स्टार्टरला जोडलेली डबी हे सगळं ॲपला कळवायची.

काकू ते वापरायला लागली, पण तिच्या मनातली अढी गेली नाही.

"तूच लिव्हलं, तूच चालवतो. उद्या तुज्या बापाचे तास वाढवले, तर मला काय कळनार हाय?"

झोंबलं. पण तिचं चूक तरी काय होतं? मी ते ॲप शेतीच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका ओपन सोर्स प्रकल्पाला देऊन टाकलं. तिथं प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ सगळ्या जगापुढे उघडी असते, आणि कुणालाही परस्पर बदल करता येत नाही. काकूची मुलगी नाशिकला संगणक शिकवते. ती सगळं वाचून आईला सांगायची. काकू निवांत झाली आणि त्या दिवाळीत तिच्याकडून करंज्या आल्या.

मग प्रकल्पाने रीडिझाइन काढलं. मीही हौसेने उतरलो, मराठी शब्द सगळे मीच बसवले. त्यात कुणीतरी पाळी घड्याळाला बांधून टाकली. सकाळी सुरू, दुपारी संपली, कसं सुटसुटीत! मी लिहिलं, लाईट गेली तर? उत्तर आलं, तो अपवाद आहे, पुढे बघू. अपवाद? आमच्याकडे लाईट न जाणं हा अपवाद! व्हिडिओ मीटिंगमध्ये मी तावातावाने बोललो, तर एकाने गोड आवाजात माझ्या तळमळीबद्दल आभार मानले आणि गाडी बटणाच्या रंगावर नेली. हिरवा गडद हवा की फिकट, यावर ही शहाणी माणसं मीटिंग संपेपर्यंत बोलत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

नवं ॲप आपोआप सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. त्याच आठवड्यात काकूच्या पाळीत लाईट गेली. परत आली तेव्हा ॲपवर वडिलांचं नाव होतं. वडिलांनी काही न विचारता पाण्याचा वॉल आमच्या उसाकडे फिरवला. काकूने नुकतंच कांद्याचं रोप लावलं होतं, त्याचे निम्मे वाफे कोरडे राहिले. ती चिखलाच्या पायांनी आमच्या अंगणात आली, तर वडिलांनी तिच्यापुढे मोबाईल धरला. "ह्यात बघ की, पाळी माजीच हाय." मला दोघांसमोर उभं राहायची लाज वाटली, आणि त्या गोड आवाजाचा गळा धरावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकल्पाला देण्याआधीचं माझं जुनं ॲप घेऊन मी काकूकडे गेलो. म्हटलं, खड्ड्यात गेली ती माणसं, आता हेच वापरायचं.

"ह्ये आता कोन कोन तपासनार?" तिने विचारलं.

"कुणी नाही. हे माझं एकट्याचं."

तिने आपला मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

"मंग नगं. त्यांचं चुकलं, पन ते समद्यांसमोर चुकलं. तुजं बरोबर हाय का न्हाई, ह्ये मी कुनाला इचारू?"

मी घरी आलो आणि त्याच माणसांना पुन्हा लिहायला बसलो. राग तसाच होता. सुरुवात मात्र ‘नमस्कार’ लिहूनच केली.