वाजंत्री आबा आणि मामांचा फेटा

आमच्या कोऱ्हाळ्यात कुणाचंही लग्न असलं की आई आधी आचाऱ्याला ताकीद द्यायची, "वाजंत्री आबांनी सनई तोंडाला लावायच्या आत आमटीत मीठ घालून मोकळा हो." कारण सनई सुरू झाली की आचाऱ्याचे डोळे भरून यायचे आणि मीठ घातलं की नाही हे त्याला आठवायचं नाही. माझ्या धाकट्या चुलत्यांच्या लग्नात त्याने ते तीनदा घातलं. सगळी पंगत पाण्यावर पाणी पीत होती, पण आबांना कुणी बोल लावला नाही.

आबांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही, आणि ते कधी विचारावंसं वाटलं नाही याचा आता राग येतो. अंगाने काटकुळे, एका डोळ्याने अधू. बोलणं जेवढ्यास तेवढं. पण कार्याच्या घरी आले की नवऱ्या मुलाचं नाव विचारायच्या आधी ते एक प्रश्न विचारायचे. "आज कोण न्हाय?" कुणाची आई गेलेली असे, कुणाचा भाऊ मुंबईच्या गिरणीत अडकलेला असे. ते ऐकून घेऊन मगच आबा सनई पिशवीतून काढत. बायका चिडायच्या. शुभकार्यात कशाला हवी ही आठवण? आबा शांतपणे सांगत, "आक्का, आल्यालं समद्यास्नी दिसत्यात. वाजवायचं न आल्याल्यांसाठी."

आमचे पाटील म्हणजे दगड. पोटचा मुलगा गेला तेव्हाही त्यांच्या डोळ्यात पाणी दिसलं नव्हतं. पुढे मुलीच्या लग्नात आबांनी एक चाल वाजवली आणि पाटील ताडकन उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा म्हणाले, "वैरण टाकायची व्हती." वैरण तर गड्याने सकाळीच टाकली होती. ती गोष्ट गावाने चवीने सांगितली, पण पाटलांच्या तोंडावर सांगायची छाती कुणाची झाली नाही.

माझं स्वतःचं लग्न मोडता मोडता राहिलं, ते आबांमुळेच. वऱ्हाड इंदापूरकडून बैलगाड्यांनी आलं होतं. दोन दिवसांच्या धुळीने सगळे वैतागलेले. मला हळद लागली होती, अंतरपाट धरायचाच काय तो बाकी होता. त्याआधी नवऱ्या मुलाच्या मामांना मानाचा फेटा बांधायची आमच्याकडची रीत. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, हातात फेटा घेऊन पुढे झाले आणि व्याह्यांच्या शेजारी रेशमी कोट घालून बसलेल्या गृहस्थांना त्यांनी तो बांधला. ते निघाले नवऱ्या मुलाच्या सावत्र आईचे भाऊ. सख्खी आई मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेलेली. तिच्या भावाने त्याला आपल्या घरी नेऊन वाढवला होता, आणि तो भाऊ मागे, मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता.

हे सख्खे मामा उठले, गाडीकडे गेले आणि बैल जुंपले. नवरा मुलगा मुंडावळ्यांसकट त्यांच्या मागे जाऊन गाडीत बसला. व्याही नुसतेच हात चोळत राहिले. आण्णा धावत जाऊन मामांच्या पाया पडू लागले तेव्हा मामा म्हणाले, "पाया पडू नगा, राव. तुमची चूक न्हाय. माझी भन मेली तवाच तिचा मानबी मेला, येवढंच मला आज कळलं."

नवरीने देवघरातून हलायचं नसतं. मी हळदीच्या अंगाने थेट दारात आले. हळद लागलेली मुलगी तशीच राहिली, तर तिच्याकडे पुढे कोण पाहतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाडी कालव्याच्या पुलाकडे वळत होती.

वाजंत्र्यांना त्यांच्या जातीमुळे मांडवात जागा नसायची. ते रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसत. तिथून सनई सुरू झाली. लग्नातली चालच नव्हती ती. पहाटे दळताना बाया भावासाठी ओव्या म्हणतात, त्या ओवीची चाल होती. आबांनी ती अगदी साधी वाजवली, ना तान ना मुरकी. घरातल्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला माझं लग्न आठवत नव्हतं, मुंबईला असलेला माझा दादा आठवत होता.

गाडी थांबली. मामा उतरले. मग चालत परत आले, आण्णांना ओलांडून सरळ चिंचेखाली.

"तुला कुनी सांगितलं?" त्यांनी आबांना विचारलं.

"सकाळी तुमच्या गाडीवानाला इचारलं व्हतं, आज कोण न्हाय म्हून."

"माझी भन जात्यावर हीच म्हनायची."

"समद्यांच्याच म्हनत्यात, मामा," आबा म्हणाले. "पर आज तुमची आली हाय. तिला लेकाच्या मांडवाभाईर ठिवून जाऊ नगा."

मामा आण्णांकडे वळले. "फेटा आणा. मांडवात न्हाय, हितं बांधा. ह्यो बसलाय तितं." रेशमी कोटवाल्यांनी आपणहून डोक्यावरचा फेटा उतरवून आणून दिला आणि आण्णांनी तो भर रस्त्यात मामांना बांधला. मग अक्षता पडल्या. त्या दिवशी आचाऱ्याने मीठ घातलंच नाही, असं म्हणतात. मला चव कळण्याची शुद्ध नव्हती.

आबा मात्र नेहमीसारखे चिंचेखालीच जेवले. ज्याने मांडव वाचवला, त्याला मांडवात बोलवावं, असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

दोन वर्षांनी मामा आमच्याकडे इंदापूरला राहायला आले होते. बारामतीच्या बाजारातून परतलेल्या शेजाऱ्याने ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं, कोऱ्हाळ्याचे वाजंत्री आबा तापाने गेले. मामा उठले, आडावर गेले आणि अंगातल्या कपड्यांसकट त्यांनी डोक्यावरून पाण्याची घागर ओतून घेतली. मरणाची बातमी ऐकून अशी आंघोळ आपण फक्त भाऊबंदांसाठी करतो. शेजारी गोंधळून म्हणाला, "अवो मामा, तुमचं कोण लागत व्हतं ते?"

मामांनी दुसरी घागर शेंदली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चूल तशीच सोडून आडावर गेले आणि डोकं पुढे केलं.